स्पर्श तोच, पण हात कुणाचा? गोंजारणं, हार्मोन आणि मेंदूचा हिशोब

"२० सेकंद मिठी मारा, ऑक्सिटोसिन सुटतं, टेन्शन गायब" अशा टाइपचं रील तुमच्यापर्यंत अजून पोचलं नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. (ऑक्सिटोसिन म्हणजे ज्याला लोक "प्रेमाचं हार्मोन" म्हणतात ते.) हे २० सेकंदांचं प्रकरण अगदीच हवेतून आलेलं नाही बरं का. २००३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात जोडप्यांना आधी १० मिनिटं हातात हात घेऊन एक रोमँटिक व्हिडिओ बघायला लावला होता, मग २० सेकंदांची मिठी, आणि त्यानंतर लोकांसमोर बोलायचं टेन्शनवालं काम. ज्यांना हा जवळीकीचा वेळ मिळाला त्यांचं बीपी आणि हृदयाचे ठोके बाकीच्यांपेक्षा कमी चढले. रील बनवणाऱ्यांनी यातली १० मिनिटं गाळली, जोडीदार गाळला, व्हिडिओ गाळला आणि फक्त २० सेकंद ठेवले, आणि ते लोकांनी घड्याळ लावून करूनही बघितले.

माझं म्हणणं एवढंच आहे की हार्मोन आणि स्पर्श यांचं नातं खरं आहे, पण ते बटण दाबलं की दिवा लागला असं नाहीये. कुणाचा हात, कधी, त्याच्या आधी काय घडलं, हे सगळं मेंदू बघतो, आणि हार्मोन त्या बघण्यातच सामील असतात. हे नीट कळायला थोडं खालून, म्हणजे त्वचेपासून सुरुवात करू.

त्वचेतले दोन प्रकारचे तंतू

आपल्याला वाटतं स्पर्श म्हणजे एकच गोष्ट. तसं नाहीये. त्वचेतून मेंदूकडे निरोप नेणारे मज्जातंतू वेगवेगळ्या जातीचे असतात. एक जात एकदम फास्ट, सेकंदाला साधारण ५० मीटर वगैरे वेगाने निरोप पळवणारी, तिचं काम म्हणजे काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत, हे तडकाफडकी सांगणं. खिशात हात घालून न बघता चावी आणि नाणं वेगळं ओळखता येतं ते हिच्यामुळे.

दुसरी जात संथ. सेकंदाला जेमतेम एक मीटर. म्हणजे मनगटावर कुणी हात फिरवला तर या तंतूंचा निरोप पाठीच्या कण्यापर्यंत जायलाच जवळपास सेकंदभर लागतो, तोपर्यंत फास्टवाल्यांनी बातमी देऊन झालेली असते. या संथ तंतूंना सी-टॅक्टाइल म्हणतात, आपण सोयीसाठी "संथ तंतू" म्हणू. १९३९ मध्ये झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाला ते मांजरांत सापडले होते. बराच काळ असं मानत होते की माणसात ते उरलेच नसावेत, मग स्वीडनमध्येच बारीक सुई थेट मज्जातंतूत घालून एकेका तंतूचा सिग्नल ऐकायची पद्धत निघाली आणि १९८०-९० च्या दशकात ते माणसातही आहेत हे पक्कं झालं. हात, पाठ, चेहरा अशा लव असलेल्या त्वचेत ते भरपूर असतात, तळहातावर अगदी तुरळक.

यांची आवडनिवड फार मजेशीर आहे. ब्रश किंवा हात सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरला तर हे तंतू सगळ्यात जास्त सिग्नल देतात, त्याहून हळू किंवा त्याहून भरभर फिरवला तर गप्प होत जातात. आणि लोकांना "किती छान वाटलं" विचारलं तर त्याचा आलेखही तसाच चढतो आणि तसाच उतरतो, हे २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. तापमानाचंही तेच, त्वचेच्या ऊबेइतकं म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की उत्तम. थोडक्यात दुसऱ्या माणसाचा ऊबदार हात सावकाश फिरतोय, हे ओळखायला जणू वेगळी सोयच आहे शरीरात. आईवडलांना बाळाला गोंजारायला सांगितलं, किंवा कुणाला जोडीदाराला, तर हात आपोआप याच वेगाने फिरतो, कुणी शिकवायला लागत नाही. त्याच लोकांना रबरी हातावरून हात फिरवायला दिला तर ते भराभर उरकतात.

एका पेशंटची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आजारपणात या बाईंचे फास्ट तंतू नाहीसे झाले होते, संथ तंतू मात्र शाबूत. हातावर मऊ ब्रश फिरवला की त्यांना कुठल्या दिशेने फिरला ते धड सांगता यायचं नाही, पण काहीतरी पुसटसं छान वाटतंय एवढं मात्र कळायचं. स्कॅनमध्ये मेंदूचा नेहमीचा स्पर्शाचा भाग शांत होता आणि इन्शुला नावाचा, आत दडलेला भाग जागा झाला होता. शरीराला आतून कसं वाटतंय याचा हिशोब ठेवणारा हा भाग. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि "काय लागलं" आणि "कसं वाटलं" या दोन गोष्टींचे रस्ते बरेचसे वेगळे आहेत ही कल्पना एकदम ठोस झाली.

मग हार्मोन कुठे येतात?

हार्मोन म्हणजे शरीरात एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसरीकडे जाऊन काम करणारं रसायन. यातली काही रसायनं मेंदूच्या आत थेट पेशींमध्येही सोडली जातात आणि तिथे वेगळं काम करतात. ऑक्सिटोसिन हे त्यातलंच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक छोटा भाग आहे तिथे ते बनतं. रक्तात आलं की काही मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणजे "सकाळी मिठी मारली, दिवसभर ऑक्सिटोसिन पुरलं" असं काही होत नाही, तेही जाता जाता सांगून ठेवतो म्हणजे पुढचं सोपं जाईल.

कार्यक्रमात गाणाऱ्याचा आवाज माइकमधून येतो पण तो लोकांपर्यंत किती पोचणार हे मागे मिक्सरवर बसलेला माणूस ठरवतो ना, तसं समजा. त्वचेतून आलेला सिग्नल म्हणजे गाणारा. हार्मोन म्हणजे मिक्सरवरची बटणं, एक नाही, बरीच. आणि बटणं फिरवणारा मेंदू स्टेजवर कोण उभंय ते बघून फिरवतो. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे, कारण रील्समध्ये नेमकं तेच नसतं.

याचा सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा अंगावर पाजण्याचा आहे. बाळ ओढायला लागलं की त्या स्पर्शाने आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं. इथपर्यंत सरळ वाटतं, स्पर्श झाला, हार्मोन सुटलं. पण कितीतरी आयांना नुसतं बाळाचं रडणं ऐकून पान्हा फुटतो, स्पर्श झालेलाच नसतो! आणि उलटही होतं. १९४८ मध्ये नाइल्स आणि मायकेल न्यूटन या जोडप्याने दाखवलं की पाजताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, पायाची बोटं ओढली किंवा शॉकची भीती घालत गणितं विचारली (हो, खरंच असा प्रयोग केलाय) तर दूध कमी उतरतं, आणि वरून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की पुन्हा उतरतं. म्हणजे दूध होतं, बाळही ओढत होतं, स्पर्श तोच होता, पण मेंदूनेच हार्मोन अडवून धरलं होतं.

प्राण्यांमध्ये तर आता थेट पेशींपर्यंत बघता येतं. २०२० मध्ये उंदरांच्या माद्यांवरचं काम आलं, त्यात दिसलं की दुसऱ्या मादीचा स्पर्श झाला की हायपोथॅलॅमसमधल्या ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या काही छोट्या पेशी जाग्या होतात आणि त्या जाग्या झाल्या की मादी अजून जवळीक करायला जाते. म्हणजे स्पर्शाने हार्मोन, आणि हार्मोनने पुन्हा स्पर्शाची ओढ, असं चक्र.

हात कुणाचा हे त्वचेला कुठे कळतं?

त्वचेला नाही कळत, पण मेंदूला फार लवकर कळतं. २०१२ चा एक प्रयोग बघा. पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवलं, पायावरून कुणीतरी हात फिरवत होतं, आणि समोर व्हिडिओत कधी आकर्षक बाई दिसायची तर कधी पुरुष. प्रत्यक्षात हात प्रत्येक वेळी बाईचाच होता. तरी पुरुष दिसला की त्यांना तो स्पर्श नको वाटायचा, आणि फरक फक्त "मत" म्हणून नव्हता, स्पर्शाची पहिली नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातही तो दिसत होता. जो भाग नुसता "कुठे लागलं" एवढंच बघतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तोसुद्धा पाहुणा बघून वागत होता.

दोनेक वर्षांनी जर्मनीतल्या टीमने यात हार्मोन घातलं. पुरुषांना नाकात ऑक्सिटोसिनचा स्प्रे दिला आणि पुन्हा तसंच, हात एकाच बाईचा, पण सांगायचं की आता बाई हात लावतेय, आता पुरुष. स्प्रेमुळे "बाईचा" वाटणारा स्पर्श अजून छान वाटायला लागला, इन्शुला आणि बक्षीस मिळाल्यासारखं वाटवणारे काही भाग जास्त चमकले. "पुरुषाचा" वाटणारा स्पर्श मात्र जिथल्या तिथे. सगळ्याच स्पर्शावर साखर पेरायची असती तर दोन्ही गोड लागायला हवे होते.

आता स्प्रे म्हणजे बाहेरून दिलेलं, शरीर स्वतः काय करतं? स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या टीमने २०२३ मध्ये हे बघितलं आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात विचार करायला लावणारं काम आहे. बायकांना स्कॅनरमध्ये ठेवलं, त्यांच्या हातावर कधी जोडीदार हात फिरवायचा, कधी एक अनोळखी पण निरुपद्रवी माणूस, आणि मधेमधे रक्ताचे नमुने घेत राहायचे. ज्यांच्या बाबतीत जोडीदार आधी आला त्यांचं ऑक्सिटोसिन वाढलं, मग अनोळखी आला तेव्हा खाली आलं. यात धक्का नाही. पण ज्यांच्या बाबतीत अनोळखी आधी आला आणि जोडीदार नंतर, त्यांच्यात जोडीदाराच्या स्पर्शालाही तशी वाढ झाली नाही, मंदावलेलीच राहिली.

परत वाचा हे. माणूस तोच, नातं तेच, हात तोच, वेगही तोच. फरक फक्त इतकाच की काही मिनिटांपूर्वी कोण येऊन गेलं. हायपोथॅलॅमससकट मेंदूच्या काही भागांची हालचालही या बदलाशी जुळत होती आणि यात कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनचाही हात होता. दिवसभर कुठल्या तरी कटकटीतून माणूस घरी येतो आणि जवळच्याने खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरतो, त्याचा सगळा खुलासा एका प्रयोगात मिळाला असं मी म्हणणार नाही, पण "प्रेम असेल तर स्पर्श आवडायलाच हवा" या युक्तिवादात दम नाही एवढं तरी म्हणता येतं.

कॉर्टिसॉल: हे बटण उलट्या बाजूला फिरतं

कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून सुटणारं हार्मोन. वाईट नाहीये ते, सकाळी उठायलाही तेच लागतं, पण सतत चढलेलं असेल तर त्रास. आवडीच्या माणसाचा स्पर्श याला आवर घालतो असं बऱ्याचदा दिसतं. २००७ च्या एका अभ्यासात बायकांना टेन्शन येईल अशी परीक्षा द्यायची होती. काहींच्या जोडीदाराने आधी मान-खांदे चोळून दिले, काहींच्या जोडीदाराने नुसता शब्दांनी धीर दिला. मान-खांदे चोळून मिळालेल्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं, नुसत्या धीराच्या शब्दांनी तसा फरक पडला नाही. (नवरेमंडळींनी नोंद घ्यावी, "काही होत नाही गं" म्हणणं पुरत नाही.)

२०२२ मध्ये मिठीवर तसाच प्रयोग झाला, त्यात मिठीचा फायदा बायकांच्या कॉर्टिसॉलमध्ये दिसला, पुरुषांच्या दिसला नाही. का, याची उत्तरं अजून अंदाजाचीच आहेत. त्याआधी २००६ मध्ये विवाहित बायकांना स्कॅनरमध्ये ठेवून "शॉक बसणार आहे" अशी खूण दाखवायचे. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूची धोक्याची धावपळ कमी व्हायची, अनोळखी माणसाच्या हाताने थोडीशीच, आणि ज्यांचा संसार बरा चाललेला त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम अजून जास्त.

"प्रेमाचं हार्मोन" म्हणायचं की नाही?

म्हणा हवं तर, पण एकट्या ऑक्सिटोसिनला सगळं श्रेय देऊ नका. शरीर स्वतःच बनवतं अशी अफूच्या जातीची रसायनं आहेत, एंडॉर्फिन वगैरे. १९८९ मध्येच दिसलं होतं की माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरत बसली, उवा काढत बसली की त्यांच्यात एंडॉर्फिन वाढतं. माणसांतही जोडीदाराच्या स्पर्शाने मेंदूतल्या या यंत्रणेत बदल होतो हे स्कॅनमध्ये दिसलंय. डोपामिन आहे, सेरोटोनिन आहे. आणि २०२३ मध्ये तर गंमतच झाली. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी जन्मभराच्या जोडीसाठी प्रसिद्ध, आणि ती जोडी ऑक्सिटोसिनमुळेच जमते असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग जनुकांमध्येच बदल करून ऑक्सिटोसिन पकडणारी जागा, म्हणजे रिसेप्टर, नसलेले व्होल जन्माला घातले, तर त्यांच्याही जोड्या जमल्या! म्हणजे ऑक्सिटोसिन बिनकामाचं असं नाही, पण एक बटण बंद असलं तर बाकीची बटणं सांभाळून घेऊ शकतात.

स्प्रे मिळतो ना, मग तोच मारला तर?

हा प्रश्न येतोच. तर एक, नाकातून मारलेल्या स्प्रेतलं मेंदूत नक्की किती जातं यावर अजून वाद आहेत. दोन, सुरुवातीचे कितीतरी गाजलेले अभ्यास थोड्या लोकांवरचे होते. २००५ मध्ये "ऑक्सिटोसिनने विश्वास वाढतो" म्हणून प्रचंड बोलबाला झाला, २०२० मध्ये जास्त लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला तर मुख्य निष्कर्ष हाती लागला नाही. (मी वर सांगितलेला पुरुषांचा स्प्रेचा प्रयोगही या सावधगिरीनेच वाचा.) ऑटिझम असलेल्या मुलांना कित्येक आठवडे स्प्रे देऊन बघणारी मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, मिसळून वागण्यात खोट्या स्प्रेपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही.

आणि तीन, हे माझं लाडकं. २०१३ मध्ये नॉर्वे-स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लोकांना सांगितलं की या स्प्रेत ऑक्सिटोसिन आहे, याने दुखणं कमी वाटतं आणि स्पर्श जास्त छान वाटतो. स्प्रेत होतं नुसतं मिठाचं पाणी. तरी लोकांना स्पर्श जास्त छान वाटला आणि दुखणं कमी, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही दोन्हीकडे फरक. आता सांगा, मिक्सरवरचं बटण कुणी फिरवलं?

ऑक्सिटोसिन हे औषध म्हणून डॉक्टर बाळंतपणात वापरतात, तेही सांभाळून, ते घरी आणून नात्यांवर मारायची गोष्ट नाही.

मला तर कुणी अंगाला हात लावलेलाच आवडत नाही, माझ्यात काही कमी आहे का?

नाही हो. वर जे सगळं सांगितलं त्यातून हेच निघतं की छान वाटणं हे त्वचेत ठरत नाही. लहानपणी स्पर्शाचे अनुभव कसे आले, आत्ता ताण किती, समोरचा कोण, यावर ते हलतं. त्या जर्मन प्रयोगातही ऑटिझमसारखे गुण जास्त असलेल्या पुरुषांत स्प्रेचा परिणाम कमी होता. काहींना हलकं गोंजारणं गुदगुल्यांसारखं नको होतं पण घट्ट दाब चालतो. आणि नको असलेला स्पर्श सेकंदाला ३ सेंटीमीटरच्या अगदी आदर्श वेगाने केला तरी तो नकोसाच राहतो, संथ तंतू कितीही सिग्नल देवोत. "अगं मी प्रेमानेच हात लावला" याला शरीरशास्त्रात काही आधार नाही.

एकटं राहणाऱ्यांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. स्वतःच स्वतःच्या हातावर हात फिरवला तर? २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की स्वतःचा स्पर्श मेंदू जवळपास दाबूनच टाकतो, स्वतःला गुदगुल्या होत नाहीत तसंच काहीसं. मात्र २०२४ मध्ये १३७ अभ्यास एकत्र करून, जवळपास १३ हजार लोकांची माहिती घेऊन एक मोठा आढावा आला, त्यात मोठ्या माणसांच्या बाबतीत स्पर्श ओळखीच्याचा की मसाज करणाऱ्या अनोळखी माणसाचा याने फायद्यात फार फरक दिसला नाही, वजनदार गोधड्यांसारख्या वस्तूंचाही शरीराला उपयोग दिसला, मनाला मात्र माणसाचाच जास्त. आणि एकाच वेळी खूप वेळ यापेक्षा वारंवार, हे जास्त उपयोगी.

आता तुम्ही म्हणाल वर तर अनोळखी हाताने ऑक्सिटोसिन पडतं म्हणालात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे क्षणाक्षणाचं हार्मोन मोजलं होतं, इथे दुखणं, उदासी, चिंता असे परिणाम. आणि स्वतःहून, संमतीने मसाज घ्यायला गेलेल्या माणसाला तो अनोळखी हात "स्टेजवर आगंतुक" वाटतच नाही.

बाळांच्या बाबतीत मात्र

त्याच आढाव्यात नवजात बाळांसाठी चित्र वेगळं निघालं, तिथे आईवडलांचा स्पर्श नर्सच्या वगैरे स्पर्शापेक्षा जास्त फायद्याचा दिसला. उंदरांमध्ये हे १९९७ पासून माहीत आहे, ज्या पिल्लांना आई जास्त चाटते त्यांची मोठेपणी ताणाच्या हार्मोनची यंत्रणा लवकर शांत होते. माणसाचं पिल्लू म्हणजे उंदराचं नव्हे हे मान्य, पण कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायची कांगारू पद्धत, जी १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला इनक्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली, ती आता नाइलाज म्हणून नाही तर पहिली पसंती म्हणून सांगितली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १ ते १.८ किलोची बाळं, प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीवर ठेवायची. २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, या पद्धतीत १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली.

यातलं किती श्रेय हार्मोनचं आणि किती ऊब, लवकर सुरू झालेलं अंगावरचं दूध आणि कमी झालेला जंतुसंसर्ग यांचं, ते वेगळं काढता येत नाही. पण हे करायला त्या दवाखान्यांना एक साधा बदल करावा लागला, बाळांच्या अतिदक्षता विभागातच आयांचे पलंग टाकावे लागले.